हौसाच्या छातीचा फोटो

आमच्या आईला घरातल्या प्रत्येकाचा खोकला ओळखू यायचा. मिरच्या कांडतानाचा वेगळा, तंबाखूचा वेगळा, चुलवाणाच्या धुराचा वेगळा. सोप्यात कुणी खाकरलं की चुलीपुढनं न उठता ती सांगायची, “ह्यो आपल्या घरचा न्हवं, पावना आलाय बगा कोन.” आणि खरंच पाहुणा असायचा. त्या काळात खोकल्याला लोक फार भ्यायचे. क्षय लागला की चांगला उभा गडी पाचटासारखा वाळून जायचा, आणि त्याच्यामागं त्या घरातल्या पोरींची लग्नं अडायची. रोगाचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. आई नुसतं “त्यो खोकला” म्हणायची, की सगळ्यांना कळायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. पुढं मळ्यात हात कमी पडायला लागले आणि पाटी फळीवर गेली ती गेलीच. तेव्हा हे लिहिताना शब्द मागंपुढं झाले तर वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं. हौसा जाऊन आता एक पावसाळा उलटला. थोरल्या सुनेनं कोरे कागद आणून दिले आणि म्हणाली, मामंजी, नुसतं भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा लिहा काहीतरी. काय लिहू म्हटलं, तर म्हणाली, तुमचं लग्न कसं झालं ते लिहा, सासूबाई अर्धंच सांगायच्या आणि हसत सुटायच्या. म्हणून हे.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. थंडी पडली की गुऱ्हाळ लागायचं आणि आमचं सगळं घरच मळ्यात हलायचं. लोखंडी चरकाची करकर, बैलांमागं फिरणाऱ्याची हाळी, चुलवाणात, म्हणजे गुळाच्या भट्टीत, उसाची चिपाडं ढोसली की उठणारा धडाका, आणि ह्या सगळ्याच्या खाली काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसाचा आवाज. रस पिकत आला की तो आवाज जड होतो, हे कान ठेवून ऐकलेल्यालाच कळतं. आई दुपारी भाकरी आणायची, शेंगांची चटणी आणि कांदा. आम्ही पोरं रताळी तारेत ओवून काहिलीत सोडायचो आणि ती काळी-तांबडी होऊन वर आली की फुंकून फुंकून खायचो, तरी जीभ भाजायचीच. गुळव्याचं काम आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः करायचे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, ती भांड्यावर मारायची. टण्ण वाजली की काहील उतरवा. आबांचा हात त्या भागात नावाजलेला होता. तरी एका हंगामात लागोपाठ काहिली बिघडल्या, ढेप बसेचना, गूळ चिघळून जायचा. आबांनी पाण्याला दोष दिला नाही की उसाला दिला नाही. “हात गंडला,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काहिलीपुढं बसले.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तो पलटणीत हवालदार होता आणि लढाईत पाय अधू करून घरी आला होता. त्याची एक गोष्ट होती, ती तो येईल त्याला सांगायचा. तिकडं इस्पितळात त्याची जखम वरनं भरून आली, पण पाय टेकला की कळ मस्तकात जायची. साहेब म्हणाला, सोंग करतो, घरी पळायला बघतो. दादा देवाची आण घेऊन सांगायचा, कुणी ऐकेना. मग एका डॉक्टरनं पायाचा फोटो काढला, आतल्या हाडाचा, आणि हाडाला खेटून बसलेली लोखंडाची कपची त्यात दिसली. ती काढली. दादा ती कपची तंबाखूच्या चंचीत ठेवायचा. तळहातावर घेऊन म्हणायचा, “मानूस बोंबलून सांगतोय तर इस्वास न्हाई, आन फोटूनं सांगितल्याबरुबर साहेब माझ्या खाटंवर येऊन बसला. मानूस खोटं बोलंल गड्या, फोटू न्हाई बोलायचा.”

माझं लग्न जमलं ते ह्याच दिवसांत. मुलगी रहिमतपूरजवळची, घर शेतकऱ्याचं, विहिरीवर दोन मोटा चालणारं. मुलगी बघायला जाताना नवऱ्या मुलाला न्यायची रीत नव्हती, पण दादानं मला गाडीवान म्हणून नेलं. मी आपला गाडीशेजारी बैलांच्या आड उभा. तेवढ्यात एक पोरगी कळशी घेऊन बाहेर आली, बैलांपुढच्या घमेल्यात पाणी ओतलं आणि बैलालाच म्हणाली, “तुमचा धनी लय लाजतो रं. त्यालाबी तान लागली का इच्यार की.” मी बैलाच्या आणखी आड सरकलो. तिची पाठ वळली तेव्हा वेणी दिसली. मनगटाएवढी जाड, तेलानं चपचपीत, कमरेच्या खाली आलेली, टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा. ती हौसा. सुपारी फुटली, याद्या झाल्या, उन्हाळ्यात लग्न धरायचं ठरलं.

मग एक दिवस कासारीण बांगड्या भरायला आली. ती रहिमतपूरच्या बाजूला फिरायची. आईचा हात हातात धरून, बांगडी दाबत दाबत तिनं सांगितलं की त्या घरातली थोरली मुलगी, हौसाची बहीण, खोकून खोकून गेली. आईनं भरलेल्या बांगड्या तशाच ठेवून हात काढून घेतला.

संध्याकाळी जेवताना आईनं विषय काढला. “मोडा ते लगीन. माझ्या घरात त्यो खोकला नगं.”

आबा म्हणाले, “बहिणीला हुता. हिला हाय आसं कोन म्हनलं?”

“उद्या व्हईल. मग कुनाच्या तोंडाकडं बगायचं?”

दादानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “आये, भांडायचं कशाला? सांगलीत एका डॉक्टरनं मशीन आनलंय. छातीचा फोटू काढायचा. आसंल तर दिसंल, नसंल तर न्हाई. मोकळं.”

हौसाच्या वडलांना, तात्यांना, हा निरोप सांगायला आबा स्वतः गेले. तात्या म्हणाले, “माझी पोर बाजारातलं जनावर न्हाई, पावनं, दात बगायला.” पण नाही म्हटलं असतं तर नाही म्हणणंच पुरावा झालं असतं, हे त्यांनाही कळत होतं. ठरल्या दिवशी तात्या, हौसा आणि तिची आई रहिमतपुराहून रेल्वेनं मिरजेला आणि तिथनं सांगलीला आले. आई-आबा, दादा आणि मी आष्ट्याहून सर्व्हिस मोटारीनं गेलो. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, ती मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की आम्ही उतरून ढकलायचं.

डॉक्टर तिशी-पस्तिशीचे, बोलायला सरळ. अगोदर नळी लावून त्यांनी हौसाची छाती-पाठ ऐकली. काही वावगं ऐकू येत नाही म्हणाले. थुंकी तपासायची तर पोरीला खोकलाच नव्हता. मग फोटो. अंगावरचं सोनं-नाणं काढा, केस वर बांधा, असं त्यांनी आतनं सांगितलं. हौसाच्या आईनं गळ्यातली माळ काढून घेतली, पण वेणीला हात लावू दिला नाही. आमच्याकडं लग्न ठरलेल्या पोरीनं परक्या दारात केस सोडायचे नसतात. केस सुटतात ते घरातलं माणूस गेल्यावर. खोलीत काळोख, डॉक्टर पडद्यापलीकडं, आणि पोरगी पदराशिवाय उभी. लाजेनं तिनं वेणी खांद्यावरनं पुढं ओढून छातीवर घेतली आणि तशीच त्या गार पत्र्याला चिकटली. हे मला पुढं तिनंच सांगितलं. त्या वेळी आम्हाला बाहेर नुसती घरघर ऐकू आली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर फोटो घेऊन आले. अजून ओला होता, चिमट्याला धरलेला, पाणी टपकत होतं. खिडकीच्या उजेडात धरला तसे आम्ही सगळे पुढं सरकलो. माणसाची फासळी न् फासळी मी पहिल्यांदा बघत होतो. डॉक्टरांनी डाव्या बाजूला, वरच्या अंगाला बोट ठेवलं. तिथं एक धुरकट पांढरा पट्टा होता.

“इथं सावली आहे,” ते म्हणाले. “हा रोग बहुतेक इथूनच सुरू होतो.”

आबांनी विचारलं, “मगाशी नळीत कायच न्हवतं म्हनला?”

“कानाला सुरुवातीचं ऐकू येत नाही. फोटोत दिसतं.”

दादा नुसता मान हलवत होता. आईनं पदर तोंडाला लावला आणि एक पाऊल मागं गेली. तेवढ्यात दाराकडनं हौसा बोलली. आम्ही सगळे तिला विसरूनच गेलो होतो.

“त्या डागाला पीळ हाय.”

“गप बस,” तिची आई म्हणाली.

“पीळ हाय म्हनतीया. बगा की. आन त्यो गळ्याच्या वरपातूर गेलाय. छातीतला रोग छातीच्या भाईर कसा जाईल? ती माझी येणी हाय.”

डॉक्टरांनी फोटो काचेजवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग म्हणाले, “वेणी असू शकते. पण वेणीच्या मागं आणखी काही आहे की नाही, हे ह्या फोटोवरनं कुणालाच सांगता येणार नाही. दुसरा काढावा लागेल.” आणि दुसरा काढायला फिल्म नव्हती. लढाईमुळं माल येत नव्हता. उरल्या होत्या त्या हाडं मोडलेल्यांसाठी राखलेल्या. पार्सल आलं की कळवतो, तोवर थांबा, म्हणाले.

परतीच्या मोटारीत दादा म्हणाला, “लगीन मोडंल म्हनून पोरगी कायबी बोलनार.”

आबा बाहेर बघत होते. “तूबी आसाच बोंबलत हुतास न्हवं साहेबापुढं?”

“माझ्या बाजूनं फोटू हुता, आबा.”



थांबायचे दिवस वाईट असतात. फोटोत डाग निघाला एवढंच गावभर झालं. वेणीचं कुणी ऐकलं नाही, ऐकलं तर हसले. आईनं लग्नासाठी निवडून ठेवलेले गहू पुन्हा कणगीत ओतले. गुऱ्हाळ चालू होतं, मी चुलवाणाला चिपाडं घालत होतो आणि डोक्यात तो पांढरा पट्टा. शेवटी आबांनीच मला बैल बघायचं निमित्त काढून रहिमतपूरला पाठवलं. बैल बघितले नाहीत, तात्यांच्या सोप्यात जाऊन बसलो. तात्या पाऊसपाण्याचं बोलत होते. मी हूं हूं म्हणत होतो आणि कान सगळे आतल्या घराकडं. चूल पेटल्याचा वास आला, भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि मग एक खोकला आला. एकच. तो हौसाचा की तिच्या आईचा, धुराचा की दुसरा कसला, मला कळलं नाही. माझ्या आईला कळलं असतं असं वाटलं, आणि मग वाटलं, तिला तरी कळलं असतं का? भाकरी गोड लागली नाही. येताना वाटभर तो एक खोकला मी पुन्हा पुन्हा ऐकत होतो, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा वाटत होता.

गेल्या वर्षी हौसाच्या शेवटच्या दुखण्यात तिला बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं होतं. तो डॉक्टर, नातवाच्या वयाचा, म्हणाला, आजोबा, आता सुईच्या टोकाएवढंसुद्धा दिसतं. दिसलं खरं. दिसून तिला उपयोग झाला नाही. पण त्या पोरानं निदान पहिल्यांदा तिला विचारलं, आज्जी, कुठं दुखतंय? मला बरं वाटलं.

पार्सल आल्याचा निरोप मिळाला तेव्हा शिमगा होऊन गेला होता. पुन्हा सगळे सांगलीला गेलो. ह्या वेळी डॉक्टरांनी बाहेर ओसरीवर येऊन सांगितलं, वेणी सोडा, केस डोक्यावर घट्ट बांधा, नाहीतर मी फोटो काढणार नाही.

हौसाची आई उसळली. “माझं घर जितंजागतं हाय. पोरीनं परक्याच्या दारात क्यास का सोडायचं? कोन मेलंय?”

“बाई, एक केस जरी मध्ये आला...”

“तुमाला सांगायला काय जातंय!”

तात्या खाली बघत होते. आणि हौसानं आपल्या हातानं गोंडा ओढला. बोटं घालून पेड सोडवत गेली, सावकाश, आमच्या सगळ्यांदेखत, होणाऱ्या सासूच्या पुढ्यात. ते केस पाठीवर, खांद्यांवर पसरले. माझी आई तोंडात पदर धरून दुसरीकडं बघायला लागली. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली आणि आत कोण वारलं ते बघायला वाकली. बांधायला काही नव्हतं. तेव्हा तात्यांनी डोक्याचा पटका उतरवला आणि लेकीच्या हातात दिला. बोडक्या डोक्याचे तात्या मी त्या आधी बघितले नव्हते. पार म्हातारे दिसले. हौसानं सगळे केस वर घेऊन त्या पटक्यात आवळले आणि आत गेली.

ह्या फोटोत तो पट्टा नव्हता. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी धरले. “तेव्हा जे दिसत होतं ते आता नाही. ती वेणीच होती. फार बारीक काही असलं तर ह्या मशीनला दिसणार नाही, पण मला जेवढं दिसतं त्यात तुमची मुलगी निरोगी आहे.”

मला वाटलं, संपलं. पण आई म्हणाली, “पयला खोटा म्हनता, तर दुसरा खरा कशावरनं? मशीन त्येच. वाचनारा त्योच.”

डॉक्टरांचं तोंड लाल झालं. राग आला असेल असं मला वाटलं, पण ते शांतपणे म्हणाले, “बरोबर विचारलंत. मशीन समोर येईल ते एकावर एक सगळं दाखवतं. रोग कुठला, केस कुठला, ते त्याला कळत नाही. ते मला कळायला हवं होतं. पहिल्या वेळी मी चुकलो.”

चुकलो म्हणणारा डॉक्टर आईनं कधी बघितला नव्हता. तिचा विश्वास वाढायच्या ऐवजी आणखी कमी झाला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दादा तर हादरलाच होता. दोन्ही फोटोंकडं आळीपाळीनं बघत होता आणि हात चंचीवर. वाईट सांगणारा फोटो सगळ्यांनी एका क्षणात खरा धरला होता. चांगलं सांगणारा कुणाला पटेना.

हौसा तोवर बाहेर आली होती, डोक्याला बापाचा पटका तसाच. “आता त्यांचाबी काढा,” ती म्हणाली.

“कुनाचा?” आई.

“नवऱ्या मुलाचा.”

“बाप्याचा कशाला गं?”

“माझी भन गेली म्हनून माझा काढला. तुमच्या घरात कवा कोन खोकलंच न्हाई व्हय?”

“आबाबा! काय ही त्वांडाची,” आई म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. आबा माझ्याकडं बघत होते. मग डॉक्टरांना म्हणाले, “काढा.”

मी अंगरखा काढून आत गेलो. पत्रा इतका गार की अंगावर काटा आला. हनुवटी वर, हात कमरेवर, श्वास धर. घरघर सुरू झाली. बैलाच्या आड लपता येतं, इथं लपायला काही नव्हतं. आपल्या आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि आता ते चार माणसांत खिडकीला टांगणार, एवढंच डोक्यात होतं. पोरगी दोनदा इथं उभी राहिली होती.

माझ्या फोटोत उजव्या बाजूला, खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका निघाला.

डॉक्टर ह्या वेळी घाईनं बोलले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, “ही जुनी खूण आहे. लहानपणी कधी लागण होऊन गेली असेल, आता बुजलीय. असं पुष्कळांच्या छातीत असतं. बहुतेक काही होत नाही.”

“बहुतेक?” हौसाची आई उठली. “चला आवं. चला घरी.”

“मशीन खोटं हाय!” आई ओरडली. “तवा येणी धरली, आता काय धरलं कुनाला ठावं. माझ्या लेकराला कवाबी काय झालं न्हाई!”

आबा खाली बघत होते. दादा खाली बघत होता. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी लहान असताना एक हिवाळाभर खोकत होतो. आईनं मला वाईकडच्या मामाच्या गावाला नेऊन ठेवलं होतं. शेळीचं दूध, आणि उशाशी थुंकायला राखेची वाटी. गावात तिनं सांगितलं, पोरगं मामाकडं शाळेला गेलंय. मी बरा झालो आणि त्या हिवाळ्याचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

हौसा माझ्याकडं वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, बैलाला मध्ये न घालता.

“तुमाला झालता का खोकला?”

मी आईकडं बघितलं. आई डोळ्यांनी मला ‘नाही म्हण’ असं सांगत होती. आणि नाही म्हणणं सोपं होतं. त्या मशीननं एकदा फसवलं होतं, सगळ्यांसमोर फसवलं होतं, त्यामुळं खोटं बोलायला मला आयती जागा मिळाली होती. हो म्हटलं तर आईची मान खाली, आणि हौसा तिच्या गाडीनं रहिमतपूरला, कायमची.

“झालता,” मी म्हणालो. “बारका हुतो तवा. एक हिवाळा. मामाकडं ठिवलं हुतं.”

आईनं पाठ फिरवली.

“परत कवा?”

“न्हाई. त्याच्यापुढं न्हाई.”

ती बापाकडं वळली. मग म्हणाली, “तात्या, ठरल्यापरमानं करा.”

“आगं ए!” तिची आई.

“येणी घाल गं माजी. किती येळ अशी हुबी ऱ्हाऊ?” आणि पटका सोडून तिनं बापाला परत दिला, ओसरीच्या पायरीवर आईपुढं पाठ करून बसली. तिच्या आईकडनं केस ओढले जात होते, पण पेड पडत गेले. गोंडा बांधताना तिनं हौसाच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं आणि हौसा खाली मान घालून हसली. तात्या पटका गुंडाळत होते. आबा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि पटक्याचं मोकळं टोक धरलं, त्यांना नीट बांधता यावा म्हणून.

लग्न झालं. आईनं कणगीतले गहू पुन्हा बाहेर काढले, पण माझ्याशी बोलायला तिला पावसाळा उजाडला. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याही खोकल्याला कान द्यायची आणि हौसाच्याही. दादा कपचीची गोष्ट सांगत राहिला, फक्त शेवटचं वाक्य त्यानं सोडून दिलं.

पोरं मोठी झाल्यावर मी एकदा हौसाला विचारलं, त्या दिवशी तू हो का म्हणालीस? डॉक्टर तर बहुतेक म्हणाला होता. ती शेंगा फोडत बसली होती. वर न बघता म्हणाली, “आवं, फोटू चुकतो. मानूसबी खोटं बोलतो. त्या दिवशी फोटूनं आन तुमी, दोगांनी आपापलं येकच सांगितलं. आनि तुमचं तर खोटं बोलण्यात भलं हुतं.” मग एक दाणा तोंडात टाकून म्हणाली, “आन बैलालाबी तुमी आवडत हुता.”

हे लिहून झाल्यावर सवयीनं मी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारणार होतो. वेणी घालताना तिची आई तिच्या कानात काय म्हणाली, ते तिनं मला एकदा सांगितलं होतं आणि मी विसरलो. मी काही आठवून सांगितलं की ती लगेच म्हणायची, आसं न्हाई, तसं झालं, आणि मग आमचं जुळायचं, किंवा भांडण व्हायचं. आता वर लिहिलंय ते सगळं माझ्या एकट्याचं आहे, ताडून बघायला दुसरं माणूस घरात नाही. तिची आई काय म्हणाली ते मनानं रचून लिहिणं काही अवघड नव्हतं. लिहिलं नाही.